लॉट बदलला, निकाल उलटला: एकेटी प्रथिनाच्या अभ्यासातील रिकॉम्बिनंट प्रतिपिंडाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतील एका संशोधन संस्थेच्या पेशी-संदेशवहन प्रयोगशाळेत घडले. संस्था, व्यक्ती आणि पुरवठादार यांची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. प्रयोगांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र जशी होती तशी ठेवली आहेत. संस्थेअंतर्गत चर्चेत बाहेरचा परीक्षक म्हणून मला बोलावण्यात आले होते, त्यामुळे मूळ ब्लॉट (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने, म्हणजे अँटिबॉडीने, ओळखल्याची चित्रे) आणि नोंदवह्या पाहण्याची संधी मिळाली.

प्रयोगशाळेचा विषय गाल आणि हिरडीचा कर्करोग हा होता. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांच्या वापरामुळे आपल्याकडे हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्याच्या पेशींमध्ये पीआय३ कायनेज (कायनेज म्हणजे इतर रेणूंवर फॉस्फेट बसवणारे विकर), एकेटी आणि एमटॉर या प्रथिनांची साखळी अनेकदा अवाजवी सक्रिय असते. पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात असलेली एक विद्यार्थिनी अशा कर्करोगापासून तयार झालेल्या दोन पेशीमालिकांवर (प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशींवर) एमटॉरला रोखणाऱ्या रॅपामायसिन या औषधाचा परिणाम तपासत होती. एकेटी सक्रिय आहे की नाही हे कळण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्याच्या ४७३ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसला आहे का हे पाहणे, आणि त्यासाठी केवळ फॉस्फेटयुक्त रूपालाच चिकटणारे प्रतिपिंड लागते. प्रयोगशाळा त्यासाठी सशाच्या रक्तद्रवापासून मिळवलेले एक पॉलिक्लोनल प्रतिपिंड अनेक वर्षे वापरत होती.

या प्रतिपिंडाचे स्वरूप आधी स्पष्ट करायला हवे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. परळच्या हाफकिन संस्थेच्या नावाशी जोडलेले सर्पविषावरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होते, आणि त्यात विषाच्या निरनिराळ्या भागांना ओळखणारी असंख्य प्रतिपिंडे एकत्र असतात. उपचारासाठी हे मिश्रण असणे उपकारकच आहे. संशोधनातील पॉलिक्लोनल प्रतिपिंडही असेच मिश्रण असते, पण तेथे एका प्रथिनाच्या एका जागेवरील एकच फॉस्फेट ओळखायचा असतो. ससा बदलला, किंवा त्याच सशाचे रक्त वेगळ्या वेळी घेतले, तरी मिश्रणातील घटकांचे प्रमाण बदलते. बाटलीवरचे नाव आणि कॅटलॉग क्रमांक तोच राहतो, बदलतो तो फक्त लॉट क्रमांक.

अडचण

जुन्या लॉटने २४ तास रॅपामायसिन दिलेल्या दोन्ही पेशीमालिकांत एकेटीचे फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्यावर फॉस्फेट बसणे, घटलेले दिसत होते. या निकालावर प्रबंधाचे एक प्रकरण आणि एका नियतकालिकाकडे परीक्षणासाठी गेलेला लेख उभा होता. परीक्षकांनी एक प्रयोग पुन्हा करायला सांगितला, तोवर जुनी बाटली संपत आली होती आणि नवी मागवावी लागली. नव्या लॉटने पहिल्या पेशीमालिकेत घट दाखवली, दुसऱ्या पेशीमालिकेत मात्र स्पष्ट वाढ.

येथे एक गोष्ट या प्रकरणाला विशेष अवघड बनवते. घट आणि वाढ या दोन्ही निकालांना जीवशास्त्राचा भक्कम आधार होता. एमटॉर हे प्रथिन पेशीत दोन वेगवेगळ्या संकुलांत काम करते. रॅपामायसिन पहिल्या संकुलाला थेट रोखते. त्यामुळे एस६ कायनेज थंडावते, एस६ कायनेज एरवी इन्शुलिनच्या संदेशमार्गावर जो लगाम घालते तो सैल होतो, आणि परिणामी एकेटी अधिक सक्रिय होते. दुसरीकडे, ४७३ वरील फॉस्फेट बसवण्याचे काम एमटॉरचे दुसरे संकुल करते. रॅपामायसिन दीर्घकाळ दिल्यास काही प्रकारच्या पेशींत हे दुसरे संकुल नव्याने जुळणेच थांबते आणि एकेटीचे फॉस्फोरिलेशन घटते. म्हणजे कोणताही निकाल आला तरी त्याचे पटण्यासारखे स्पष्टीकरण तयार होते. अशा स्थितीत मोजमापाचे साधन चुकत असेल तर जीवशास्त्राच्या ज्ञानाने ती चूक पकडली जात नाही, उलट झाकली जाते.

पहिला संशय अर्थातच पेशींवर गेला. पेशी दूषित करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणी झाली, पेशीमालिकेची डीएनए ओळख पुन्हा तपासली गेली, रॅपामायसिनची नवी बाटली उघडली गेली. सर्व काही ठीक निघाले. पावसाळ्याचे दिवस होते आणि बाटली सहारच्या माल टर्मिनलमध्ये सीमाशुल्काच्या कागदपत्रांसाठी अडकली होती, तेव्हा वाटेत शीतसाखळी तुटली असावी असा दुसरा तर्क निघाला. पुरवठादाराने विनातक्रार दुसरी बाटली दिली, पण ती त्याच लॉटची होती आणि तिनेही तेच दाखवले.

कोंडी फोडली ती प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या एका सूचनेने. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन वर्षांपूर्वीचे, म्हणजे जुन्या लॉटने घट दाखवलेले, पेशींचे लायसेट (पेशी फोडून मिळवलेला प्रथिनांचा अर्क) जपून ठेवलेले होते. तेच लायसेट नव्या लॉटने तपासले, तेव्हा दुसऱ्या पेशीमालिकेत त्यांतही वाढ दिसली. नमुना तोच आणि निकाल उलटा, याचा अर्थ फरक पेशींत नव्हता. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत मोलाचा प्रयोग होता, आणि त्यासाठी एका जुन्या डबीखेरीज काहीही लागले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

प्रयोगशाळेच्या बैठकीत विद्यार्थिनीने मांडलेला पहिला पर्याय स्वाभाविक होता. ती म्हणाली, "मॅडम, जुन्या लॉटची एखादी बाटली कुठल्या तरी प्रयोगशाळेत शिल्लक असेलच. ती मिळाली तर सगळे निकाल एकमेकांशी जुळतील." मार्गदर्शिकेने विचारले, "जुळतील, हे खरं. पण जुना लॉट बरोबर आणि नवा चूक, हे आपण कशावरून ठरवलं?" या प्रश्नाला बैठकीत कोणाकडेच उत्तर नव्हते. जुन्या लॉटवर विश्वास होता तो केवळ तो आधी वापरला गेला म्हणून.

दुसरा पर्याय नवा लॉट घरीच अधिक शुद्ध करण्याचा होता. फॉस्फेट नसलेला पेप्टाइड (प्रथिनाचा लहान तुकडा) स्तंभावर बांधून त्यावरून प्रतिपिंड वाहू दिले की नको असलेले घटक अडकून राहतात. पद्धत जुनी आणि चांगली आहे, परंतु तिने केवळ एका बाटलीचा प्रश्न सुटतो आणि पुढच्या लॉटला तो पुन्हा उभा राहतो.

तिसरा पर्याय हायब्रिडोमापासून, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगी पेशीशी जोडून केलेल्या पेशीपासून, मिळणाऱ्या उंदराच्या मोनोक्लोनल, म्हणजे एकाच प्रकारच्या, प्रतिपिंडाचा. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये ही पद्धत दिली आणि १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गेल्या अर्धशतकातील पेशीविज्ञान त्यावर उभे आहे. तरीही हायब्रिडोमा ही जिवंत पेशी असते. ती गुणसूत्रे गमावू शकते, प्रतिपिंड बनवणे थांबवू शकते, आणि कधी कधी प्रतिपिंडाच्या ठरलेल्या साखळ्यांखेरीज आणखी साखळ्या बनवते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात तपासलेल्या १८५ हायब्रिडोमांपैकी सुमारे ३२ टक्क्यांमध्ये एक किंवा अधिक अतिरिक्त साखळ्या आढळल्या होत्या. मोनोक्लोनल या शब्दामुळे जी खात्री वाटते ती दर वेळी रास्त नसते.

चौथा पर्याय रिकॉम्बिनंट प्रतिपिंडाचा होता. यात लसीकरण केलेल्या प्राण्याच्या निवडक पेशीतून, किंवा विषाणूंच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे मांडणाऱ्या फाज डिस्प्लेसारख्या संग्रहातून, प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळीचा जनुकीय क्रम काढतात, तो प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या लहान वर्तुळात) बसवतात आणि मानवी मूत्रपिंडाच्या किंवा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या संवर्धित पेशींकडून प्रतिपिंड बनवून घेतात. क्रम एकदा ठरला की नव्या उत्पादनासाठी पुन्हा प्राण्याकडे जावे लागत नाही आणि प्रत्येक लॉटमधला रेणू तोच राहतो. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने हीच मागणी केली होती की संशोधनातील प्रतिपिंडे क्रमावरून ओळखली जावीत आणि रिकॉम्बिनंट पद्धतीने बनावीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५ प्रथिनांविरुद्धची ६१४ व्यावसायिक प्रतिपिंडे तपासणाऱ्या अभ्यासातही रिकॉम्बिनंट प्रतिपिंडे इतर दोन्ही प्रकारांपेक्षा सरस ठरली.

याविरुद्धचे आक्षेपही बैठकीत गांभीर्याने मांडले गेले. बहुतेक कंपन्या क्रम उघड करत नाहीत, त्यामुळे स्थिरतेचे आश्वासन कंपनी ते उत्पादन चालू ठेवील तोवरच टिकते. किंमत जास्त पडते. शिवाय एकच विशिष्ट उत्पादन मागवायचे तर तीन दरपत्रकांच्या रूढ पद्धतीऐवजी खरेदी समितीला ते का अपरिहार्य आहे हे लिहून द्यावे लागते, आणि आयातीत काही आठवडे जातात. विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असताना हे आठवडे क्षुल्लक नव्हते.

प्रतिपिंडे टाळून थेट मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजून, फॉस्फेट मोजण्याचा पाचवा पर्याय नमुन्यांची संख्या पाहता मागे पडला.

निर्णय आणि कृती

रिकॉम्बिनंट प्रतिपिंड मागवायचे ठरले, पण त्याआधी एक अवघड निर्णय झाला. जुन्या लॉटचे काही मायक्रोलिटर अजून शिल्लक होते. तेवढ्यात परीक्षकांनी मागितलेला प्रयोग पूर्ण होऊन लेख कदाचित स्वीकारलाही गेला असता. मार्गदर्शिकेने ते थेंब जुना लॉट नेमके काय ओळखतो हे शोधण्यासाठी खर्च करायचे ठरवले आणि नियतकालिकाला पत्र लिहून लेख परीक्षणातून मागे घेतला. विद्यार्थिनीला हा निर्णय जड गेला, आणि ते समजण्यासारखे होते. मार्गदर्शिकेने आधी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलून, प्रबंधाची मुदत वाढवून मिळवण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊन मगच ते पत्र पाठवले, ही बाब मला प्रयोगांइतकीच महत्त्वाची वाटते.

पहिली चाचणी फॉस्फटेजची, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकराची, होती. ब्लॉटचा पडदा लॅम्डा फॉस्फटेजमध्ये ठेवल्यावर दोन्ही लॉटचे संकेत नाहीसे झाले. अनेक प्रयोगशाळा येथेच थांबतात. पण या चाचणीने एवढेच सिद्ध होते की प्रतिपिंड फॉस्फेट ओळखते. तो फॉस्फेट कोणत्या प्रथिनावरचा आहे हे त्यातून कळत नाही.

दुसऱ्या चाचणीत जनुकाचे काम दाबणाऱ्या लघु आरएनएच्या साहाय्याने एकेटी१ आणि एकेटी२ या दोन्ही रूपांचे प्रमाण एकाच वेळी खाली आणले. दोन्ही आवश्यक होती, कारण एकेटी२ मध्ये ४७४ क्रमांकावर जवळजवळ तसाच भाग असतो आणि एकच रूप काढले तर दुसऱ्याचा संकेत उरतो. नव्या लॉटचा पट्टा जवळपास नाहीसा झाला. जुन्या लॉटचा पट्टा फिका झाला, पण त्याची वरची कड टिकून राहिली, आणि ही उरलेली कड रॅपामायसिनने मात्र पूर्ण पुसली जात होती.

हा धागा निर्णायक ठरला. एकेटी सुमारे ६० किलोडाल्टनचे (रेणूच्या वजनाचे एकक) आहे, तर एस६ कायनेज सुमारे ७० किलोडाल्टनचे. दोन्ही एकाच कुळातील असून त्यांच्या शेपटाकडील फॉस्फेट बसणाऱ्या जागेभोवतीचा अमिनो आम्लांचा क्रम बराच मिळताजुळता आहे. प्रयोगशाळा वेळ वाचवण्यासाठी छोटे जेल थोडाच वेळ चालवत असे, त्यामुळे ही दोन प्रथिने एकाच जाडसर पट्ट्यात मिसळत होती. जेल लांब चालवल्यावर जुन्या लॉटचे दोन पट्टे वेगळे झाले, आणि एस६ कायनेजचे प्रमाण खाली आणल्यावर वरचा पट्टा गेला. रॅपामायसिनने खरोखर घटत होते ते एस६ कायनेजवरील फॉस्फेट, आणि प्रबंधात ते एकेटीच्या नावावर नोंदले गेले होते. ज्या नव्या लॉटबद्दल तक्रार केली गेली, तोच सत्याच्या अधिक जवळ होता.

रिकॉम्बिनंट प्रतिपिंड आल्यावर त्यालाही याच सर्व चाचण्यांतून नेण्यात आले. येथे प्रयोगशाळेने दाखवलेली शिस्त अनुकरणीय आहे. रिकॉम्बिनंट असल्याने प्रतिपिंड दर वेळी तेच राहते, एवढीच हमी मिळते. ते दर वेळी तेच चुकीचे प्रथिनही ओळखू शकते. स्थिरता आणि अचूकता या दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि दुसरी प्रत्येक प्रयोगशाळेला आपल्या नमुन्यांवर लावावीच लागते.

प्रतिपिंडे पारखण्यासाठी २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले होते. जनुकीय मार्ग एकेटी खाली आणण्याच्या चाचणीने पूर्ण झाला. त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाशी तुलना करण्याचा मार्ग मात्र येथे लंगडा पडतो. फॉस्फेटची जागा एकच असल्याने ती ओळखणारी सर्व प्रतिपिंडे जवळजवळ त्याच तुकड्याला चिकटतात, आणि ती सगळी एकाच शेजारी प्रथिनाला फसू शकतात. म्हणून प्रयोगशाळेने औषधांचा आधार घेतला. वॉर्टमॅनिनने पीआय३ कायनेज रोखल्यावर संकेत गेला. एमटॉरची दोन्ही संकुले रोखणाऱ्या टोरिन १ ने तो गेला, आणि दुसऱ्या संकुलासाठी आवश्यक असलेले रिक्टर हे प्रथिन खाली आणल्यावरही तो घटला. उपाशी ठेवलेल्या पेशींना इन्शुलिन दिल्यावर तो अपेक्षेप्रमाणे वाढला. पूरक पुरावा म्हणून एकेटीच्या लक्ष्यांपैकी, म्हणजे एकेटी ज्यांवर फॉस्फेट बसवते त्यांपैकी, फॉक्सओ प्रथिनांवरील फॉस्फेट मोजला गेला, कारण ४७३ वरील फॉस्फेट गेल्याचा परिणाम फॉक्सओवर दिसतो, जीएसके३ सारख्या इतर लक्ष्यांवर तो तितका दिसत नाही.

बाकीची कार्यपद्धती फारशी बदलावी लागली नाही. नवे प्रतिपिंडही सशाच्या साच्याचे असल्याने दुय्यम प्रतिपिंड (पहिल्याला चिकटून संकेत देणारे) तेच चालले. विरलता मात्र नव्याने ठरवावी लागली, आणि पडदा दुधाऐवजी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनमध्ये बुडवण्याची पद्धत कायम केली गेली, कारण दुधातील केसीन हेच फॉस्फेटयुक्त प्रथिन आहे आणि त्यामुळे पार्श्वभूमी गडद होऊ शकते.

याच वेळी इन्शुलिन दिलेल्या आणि वॉर्टमॅनिन दिलेल्या पेशींचा मोठा साठा एकदाच करून त्याच्या लहान कुप्या उणे ८० अंशांत ठेवण्यात आल्या. प्रत्येक जेलवर या दोन कुप्यांतील नमुना चढवायचा आणि नवी बाटली, मग ती कोणत्याही प्रकारची असो, जुनी संपण्यापूर्वी याच नमुन्यांवर जुनीच्या शेजारी चालवायची, असा नियम झाला. फ्रीझरची नोंद ठेवणाऱ्या मामांकडे या कुप्यांची स्वतंत्र वही दिली गेली.

निष्पत्ती

रिकॉम्बिनंट प्रतिपिंडाने दिलेले चित्र आधीच्या दोन्ही लॉटपेक्षा स्पष्ट होते. रॅपामायसिननंतर पहिल्या काही तासांत दोन्ही पेशीमालिकांत एकेटीचे फॉस्फोरिलेशन वाढत होते. २४ तासांनी पहिल्या पेशीमालिकेत ते खरोखर घटत होते आणि दुसऱ्यात वाढलेलेच राहत होते. म्हणजे मूळ निष्कर्षाचा अर्धा भाग टिकला आणि अर्धा गळून पडला. प्रबंधाचे ते प्रकरण नव्याने लिहिले गेले. त्यातून उभा राहिलेला प्रश्न, एकाच आजाराच्या दोन पेशीमालिका दीर्घकालीन रॅपामायसिनला विरुद्ध प्रतिसाद का देतात, हा आधीच्या सरळसोट विधानापेक्षा उपचारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण एमटॉर रोखताना एकेटी उसळत असेल तर औषधाचा फायदा कमी होण्याची शक्यता असते.

प्रयोगशाळेचा आधी प्रसिद्ध झालेला एक लेखही याच जुन्या लॉटवर आधारलेला होता. त्यातील प्रयोग वाढघटक दिल्यावर एकेटी सक्रिय होते का एवढ्यापुरता होता. जपलेल्या लायसेटवर तो पुन्हा तपासला असता निष्कर्ष टिकला, फक्त वाढीचे प्रमाण कमी निघाले. ती माहिती नियतकालिकाला कळवण्यात आली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधीची संधी अगदी सुरुवातीची होती. एकेटी खाली आणण्याचा प्रयोग पहिल्याच वर्षी झाला असता तर पट्ट्याची उरलेली वरची कड तेव्हाच दिसली असती. लांब चालवलेले एक जेलही पुरेसे ठरले असते. ब्लॉट कापून केवळ अपेक्षित उंचीची पट्टी दाखवण्याची सवय या दृष्टीने घातक आहे. संपूर्ण पडदा, मोजणीच्या खुणांसह, नोंदवहीत चिकटवला गेला असता तर दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेला जाडसर पट्टा खटकला असता.

पेशी, औषध आणि शीतसाखळी यांच्या तपासणीत बराच काळ गेला. जुने लायसेट नव्या लॉटने तपासणे हे पहिले पाऊल असायला हवे होते, कारण ते एका दिवसात होते आणि प्रश्न पेशींचा की प्रतिपिंडाचा हे लगेच वेगळे करते.

खरेदीबाबत माझे मत प्रयोगशाळेपेक्षा थोडे वेगळे आहे. ज्या प्रतिपिंडावर अनेक वर्षांचा कार्यक्रम उभा राहणार आहे, त्याचा क्रम उपलब्ध असलेला पर्याय शोधणे आणि तो प्लाझ्मिडच्या रूपाने संस्थेत ठेवणे हे अधिक सुरक्षित आहे. अ‍ॅडजीनसारख्या विनानफा संस्था अशी प्लाझ्मिडे वितरित करतात, आणि प्रतिपिंड पेशींकडून बनवून घेण्याची सोय मुंबई परिसरातील एकाहून अधिक संस्थांत उभी राहू शकते. त्यासाठी सुरुवातीचे कष्ट अधिक आहेत, पण ते अनेक प्रयोगशाळांत वाटून घेता येतील.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. हेच रिकॉम्बिनंट प्रतिपिंड रुग्णांच्या पॅराफिनमधील ऊतींवर वापरण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा काही नमुन्यांत उत्तम रंग आला आणि काहींत काहीच नाही. ब्लॉटवर पारखलेले प्रतिपिंड ऊतींवर वेगळे पारखावे लागते, हे खरे असले तरी येथे दोष प्रतिपिंडाचा नसावा. शस्त्रक्रियेत काढलेला मोठा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पोहोचेपर्यंत जो वेळ जातो त्यात फॉस्फेट झपाट्याने उतरतो, आणि मोठ्या तुकड्यात फॉर्मेलिन आतपर्यंत शिरायलाही उशीर लागतो. लहान बायोप्सी मात्र लगेच स्थिर होते. म्हणून प्रयोगशाळेने सध्या मोठ्या तुकड्यांवरील मोजमाप थांबवले आहे, केवळ बायोप्सी घेतल्या जात आहेत, आणि शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांच्या मदतीने ऊती काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ प्रत्येक डबीवर लिहिली जात आहे.